खोली ३३ अंश, प्रोसेसर २१ अंश: गंगाखेडच्या एका मिक्सिंग मशीनचं प्रकरण

मे महिना, लगीनसराई ऐन भरात, आणि गंगाखेडच्या एका फोटो स्टुडिओतलं मिक्सिंगचं मशीन, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा कॉम्प्युटर, दुपारी रेंगाळायला लागलेलं. बंद पडत नव्हतं, हँगही होत नव्हतं. पण पहाटे टाकलेलं लग्न जेवढ्या वेळात रेंडर व्हायचं (एडिट केलेल्याचा अखेरचा व्हिडिओ तयार व्हायचा), तेवढ्याच लांबीचं लग्न दुपारी दोनला टाकलं की जवळपास दीडपट वेळ खायचं. ऑर्डरी अंगावर आलेल्या, गिऱ्हाइकं दारात. मालकांनी तोवर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलला होता, विंडोज नव्याने टाकून झालं होतं, हार्डडिस्क तपासून झाली होती. उष्णतेचा संशय आला नव्हता असं नाही. आला होता आणि सोडून दिला होता, कारण तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर भर दुपारी, पूर्ण लोडवर, ५८ अंश सांगत होतं. मिक्सिंग करणारा पोरगा फोनवर म्हणाला, "सर, अठ्ठावनच दाखवायलंय. गरम-बिरम काही नाही."

मला तो अठ्ठावनच खटकला. परभणी जिल्ह्यात मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो. मशीन प्लायवूडच्या टेबलाखाली बंद कप्प्यात. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझेन ७ १७०० एक्स: आठ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), सोळा थ्रेड, ९५ वॅटचा. मार्च २०१७ मध्ये तो बाजारात आला तेव्हा खोक्यात कंपनीचा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) मिळत नसे, वेगळा घ्यावा लागे. हे मशीन हैदराबादहून जुनं आणलेलं, आणि विकणाऱ्याने त्यावर मध्यम आकाराचा टॉवर हीटसिंक बसवून दिलेला. एवढ्या सगळ्यावर पूर्ण लोडला ५८ अंश, तेही पंख्याचा आवाज न होता? स्टुडिओत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती हीच. रेंडर चालू होतं आणि कप्प्यातून आवाज म्हणावा असा येतच नव्हता.

त्या दिवशी काहीच उघडलं नाही. मालकांना सांगितलं, आज रात्री मशीन पूर्ण बंद करा, मेन स्विचसकट. सकाळी मी आल्याशिवाय चालू करू नका, आणि खोलीतला कूलरही लावू नका.

थंड मशीनची साक्ष

रात्रभर बंद राहिलेलं मशीन फार कामाचं असतं. हीटसिंक, बोर्ड, प्रोसेसर सगळे खोलीच्या तापमानाला आलेले असतात. चालू केल्यावर पहिल्या काही क्षणांत सॉफ्टवेअर जो आकडा दाखवतं तो खोलीच्या तापमानाच्या किंचित वर असायला हवा. खाली असूच शकत नाही. पंखा आणि हीटसिंक हवेच्या जोरावर काम करतात. हवा ज्या तापमानाची, त्याच्या खाली त्या प्रोसेसरला नेऊ शकत नाहीत. खोलीपेक्षा गार प्रोसेसर दिसला तर आकड्यात गडबड आहे, मग सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो.

माझ्याकडे वायर असलेला साधा प्रोब थर्मामीटर आहे, फिशटँकवाल्यांकडे मिळतो तसला. तोही तपासून घेतला. बर्फगोळ्याच्या गाडीवरून बर्फ आणला, बारीक करून थर्मासमध्ये थोड्या पाण्यात कालवला आणि प्रोब मधोमध धरला. शून्याच्या आसपास स्थिर झाला, अर्ध्या अंशाचा फरक. आपल्या कामाला एवढं पुरे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग एका न तपासलेल्या आकड्याची दुसऱ्या न तपासलेल्या आकड्याशी तुलना करत बसतात.

मालकांनी दरम्यान करोनाच्या काळातली कपाळावर रोखायची गन काढली आणि हीटसिंकवर रोखली. त्यांचा उत्साह मोडवेना, पण ती गन इथे चालत नाही. एक तर ती माणसाच्या तापापुरती बनवलेली असते. दुसरं म्हणजे, कारखान्यातली चांगली इन्फ्रारेड गन आणली तरी चकचकीत ॲल्युमिनियम स्वतः उष्णतेचे किरण फार कमी टाकतं आणि समोरच्या वस्तूंचे परतवतं. गन मग हीटसिंकऐवजी भिंतीचं, नाहीतर आपल्याच हाताचं तापमान सांगते. गनच वापरायची असेल तर हीटसिंकवर काळी इन्शुलेशन टेप नीट चिकटवून, तिच्यावर रोखावी.

प्रोब हीटसिंकच्या पंख्याच्या तोंडाशी लावला: ३३ अंश. मशीन चालू केलं. विंडोज वर आलं, सॉफ्टवेअर उघडलं: २१ अंश.

"सर, समोर कूलर हाय ना, त्याची गार हवा लागायलीय त्याला," पोरगा म्हणाला. कूलर त्या वेळी बंद होता, पण शंका चांगली होती. मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोलीच्या तापमानापेक्षा बराच गार झोत देतो. बाहेर ४२ असताना झोताच्या तोंडाशी २८-२९ सहज मिळतात. म्हणून भिंतीवरच्या घड्याळातलं तापमान कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे आकडा खऱ्याशी ताडून बघण्यासाठी, धरायचं नसतं. प्रोसेसरला जी हवा लागते ती मोजायची, म्हणजे प्रोब पंख्याच्या तोंडाशीच हवा. इथे तो तिथेच होता आणि ३३ सांगत होता. (कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडायची सवय मात्र सोडायला लावली. बोअरच्या जड पाण्याचे तुषार बोर्डावर वाळले की पांढरी खार धरते.)

बारा अंशांची तूट, तीही थंड मशीनवर. आता ती कुठून आली हे शोधायचं होतं.

दोनदा झालेली वजाबाकी

प्रोसेसरचं तापमान म्हणून जो आकडा आपण बघतो, तो सहसा सेन्सरने जसाच्या तसा सांगितलेला नसतो. मधे एक बेरीज-वजाबाकी असते. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये सॉफ्टवेअरला मिळतो तो टी-कंट्रोल नावाचा आकडा. त्याच्या नावातच त्याचं काम आहे: पंख्यांचं नियंत्रण. एएमडीच्या आधीच्या पिढीच्या कागदपत्रांत तर स्पष्ट लिहिलेलं आहे की हे प्रत्यक्ष तापमान नव्हे, अंशांत मांडलेला एक सोयीचा आकडा आहे. चिपचं खरं तापमान म्हणजे टी-डाय. साध्या १७०० मध्ये दोन्ही सारखेच. पण १६०० एक्स, १७०० एक्स आणि १८०० एक्स या तिघांत एएमडीने टी-कंट्रोल मुद्दाम २० अंशांनी चढा ठेवला. सगळ्या मॉडेलांना पंख्याचं एकच धोरण चालावं, हे त्यामागचं कारण कंपनीने मार्च २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. पुढे २७०० एक्समध्ये हा चढ १० अंशांचा झाला, थ्रेडरिपर या एएमडीच्याच मोठ्या प्रोसेसरच्या पहिल्या दोन पिढ्यांत २७ चा.

म्हणजे १७०० एक्सवर कुणी तरी २० वजा करणं गरजेचंच. प्रश्न एवढाच की कुणी केले आणि किती वेळा.

पोराला विचारत गेलो तशी गोष्ट उलगडली. मशीन आलं तेव्हा त्यावर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती होती. तिला रायझेनचा हा चढ माहीत नव्हता. ती रिकाम्या मशीनवर साठीच्या घरात आणि रेंडरला नव्वदीच्या वर आकडे दाखवायची. अलार्म दिवसभर कोकलायचा. तेव्हाच्या मेकॅनिकने सेटिंगमध्ये जाऊन ऑफसेटच्या (आकड्यात कायमची मिळवायची किंवा वजा करायची रक्कम) चौकटीत उणे २० टाकले. ते त्या वेळी शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्या माणसाला विषय कळत होता हे उघड आहे. पुढे, हे रेंगाळणं सुरू होण्याआधीच, एकदा विंडोज नव्याने टाकताना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. नवी आवृत्ती १७०० एक्स ओळखते आणि २० स्वतःच वजा करते. पण जुन्या सेटिंगची फाईल डी ड्राइव्हवर जपून ठेवलेली होती, ती "सगळं पहिल्यासारखं" करायला परत टाकली गेली. तराजूतला पासंग कंपनीने दुरुस्त करून दिला, आणि पारड्याखाली आपण लावलेला दगड तसाच राहिला.

हिशेब जुळवून पाहा. थंड मशीनवर टी-कंट्रोल ६१. नव्या आवृत्तीने २० वजा केले, ४१ आले. मग आमच्या उणे २० नी २१ केले. भर दुपारचे ते ५८ म्हणजे प्रत्यक्षात ७८.

हे अनुमानावर सोडायचं नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरच्या बाहेरचा साक्षीदार आणला. पेन ड्राइव्हवरून उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स सिस्टिम) चालू केलं, काहीही इन्स्टॉल न करता. लिनक्समधला के-टेन-टेंप हा ड्रायव्हर टी-कंट्रोल आणि टी-डाय असे दोन्ही आकडे शेजारी दाखवतो. लिनक्सची आवृत्ती फार जुनी नको, एवढंच. दोन्हींत बरोबर २० चं अंतर दिसलं आणि टी-डाय चाळिशीच्या किंचित वर. विंडोजमध्ये परत येऊन ऑफसेट शून्य केला, तिथेही ४१ आले. ३३ च्या हवेत ४१ पटण्यासारखे आहेत. रिकाम्या बसलेल्या आठ कोअरच्या प्रोसेसरलाही थोडे वॅट लागतातच, मध्यम हीटसिंकवर तेवढ्यानेच सात-आठ अंश चढतात.

बायोसमधला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममधला) आकडा का धरला नाही, असं मालकांनी विचारलं. बायोसमध्ये असताना प्रोसेसर झोपेच्या अवस्थांत जात नाही, त्यामुळे तिथला रिकामा आकडा विंडोजमधल्यापेक्षा चढाच असतो. शिवाय हा बोर्ड बायोसमध्ये टी-कंट्रोल दाखवतो की टी-डाय, हे लिहिलेलं कुठेच नव्हतं. तुलनेसाठी तो कच्चा साक्षीदार.

एका टोकाला जुळलं म्हणून दुसऱ्या टोकाला जुळेलच असं नाही

थंड टोक जुळल्यावर बहुतेक कॅलिब्रेशनं तिथेच संपतात. पण सेन्सर खालच्या अंगाला बरोबर आणि वरच्या अंगाला चुकीचा असू शकतो. वरचं टोक तपासायला आपल्याकडे दुसरा थर्मामीटर नसतो, कारण चिपच्या पोटात प्रोब घालता येत नाही. मी वापरतो ती युक्ती अशी: लोड तोच ठेवायचा, पंख्याचा वेग एका जागी बांधून टाकायचा, क्लॉक (प्रोसेसरचा कामाचा वेग) घसरत नाही याची खात्री करायची, आणि फक्त आत येणारी हवा बदलू द्यायची. हवा जितक्या अंशांनी तापेल, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरचा आकडा वर जायला हवा.

आपल्याकडे यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही, ऊन आहेच. कप्प्याचं दार काढलं, पंखा पूर्ण वेगावर बांधला आणि सकाळी तेच रेंडर लावलं: हवा ३३, टी-डाय ६६. दुपारी कूलर बंद ठेवून पुन्हा तेच: हवा ४१, टी-डाय ७५. हवा आठ चढली, आकडा नऊ. एक अंश जास्त चढला तो अपेक्षितच, चिप तापली की तिच्यातली विजेची गळती वाढते आणि ती थोडे जास्त वॅट ओढते. सेन्सर सरळ चालतोय एवढं यावरून कळलं. हवा आठने चढून आकडा दोन-तीननेच हलला असता, तर तो सेन्सर कुठे तरी अडकलेला आहे असं म्हटलं असतं.

आणि दुपारच्या रेंगाळण्याचं उत्तरही आता हातात आलं. पंख्याचा वेग विंडोजमधलं हेच सॉफ्टवेअर ठरवत होतं. ६० पर्यंत पंखा मंद, ७५ ला पूर्ण, असा आलेख कुणी तरी आवाजाचा विचार करून मांडलेला, आणि आलेख म्हणून तो वाईट नव्हता. पण तो ज्या आकड्यावर चालत होता तो २० अंशांनी खोटा. कप्प्यातली हवा ४६ ला पोचलेली, प्रोसेसर ७८ वर, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी अजून साठीही आलेली नाही, म्हणून पंखा सुस्त. प्रोसेसरला मात्र सॉफ्टवेअरमधला ऑफसेट कळत नाही. तो आपल्या आतल्या आकड्यावर चालतो, आणि तो आकडा फार चढला की स्वतःचा वेग कमी करतो. दार लावून, पंखा मंद ठेवून मुद्दाम तीच परिस्थिती उभी केली तेव्हा टी-कंट्रोल पंच्याण्णवच्या पुढे गेला की क्लॉक ३.५ गिगाहर्ट्झवरून खाली सरकताना स्पष्ट दिसत होता. पहाटे हवाच गार, त्यामुळे तिथवर वेळच यायची नाही.

काही किरकोळ गोष्टी याच वेळी सापडल्या. मशीनवर तापमान बघणारी दोन सॉफ्टवेअरं एकाच वेळी चालू होती. दोघेही बोर्डावरच्या त्याच सेन्सर चिपला प्रश्न विचारतात आणि उत्तरं एकमेकांत मिसळू शकतात, अधूनमधून उगाच उडी दिसते. एक काढून टाकलं. राहिलेल्यात बोर्डाचा एक सहायक सेन्सर १२७ अंश दाखवत होता. तिथे काहीच जोडलेलं नसतं, मोकळ्या पिनेचा तो आकडा. मालक त्याला बघून बरेच दिवस घाबरून होते. तो यादीतून लपवला. आकडा दर अर्ध्या सेकंदाला घ्यायची सेटिंग होती, ती दोन सेकंदांवर नेली. सारखं विचारत राहिलं की झोपलेले कोअर त्या विचारण्यानेच जागे होतात आणि रिकामा आकडा वर दिसतो.

शेजारचं जुनं मशीन

स्टुडिओत बिलं आणि पासपोर्ट फोटोंसाठी एक जुनं डेस्कटॉप आहे, प्रोसेसर इंटेलचा कोअर टू ड्युओ ई ८४००. "आता ह्याचंबी बघा की," असं मालक म्हणाले. ते रात्रभर बंद राहूनही चालू केल्याबरोबर एका कोअरला ४६ दाखवत होतं, आणि तासाभरानेही ४६. दुसऱ्याचा आकडा हलत होता.

इंटेलची तऱ्हा वेगळी. तिथला सेन्सर तापमान सांगतच नाही, कमाल मर्यादेपासून अजून किती अंश लांब आहोत ते सांगतो. सॉफ्टवेअर ती मर्यादा, टीजे-मॅक्स, गृहीत धरतं आणि त्यातून अंतर वजा करतं. कोअर आय मालिकेपासून पुढे ही मर्यादा प्रोसेसरमधूनच वाचता येते. कोअर टू च्या डेस्कटॉप चिपांत ती वाचता येत नाही. जानेवारी २००८ मध्ये ई ८४०० आला तेव्हा कुणी ९५ धरायचं, कुणी १०५, आणि एकच मशीन दोन सॉफ्टवेअरांत दहा अंशांनी वेगळं दिसायचं. इंटेलने त्याच वर्षी आपल्या डेव्हलपर फोरममध्ये ४५ नॅनोमीटरच्या डेस्कटॉप चिपांचे आकडे जाहीर केले, ई ८४०० साठी १००. पण त्याला त्यांनी लक्ष्य म्हटलं, हमी नव्हे. नग बदलला की चार-दोन अंश इकडेतिकडे.

आणि त्या पिढीचे सेन्सर खालच्या तापमानाला अडकतात ही जुनी, माहीत असलेली खोड आहे. ते बनवलेच चिप जळू नये म्हणून; मर्यादेजवळ ते नीट चालतात, रिकाम्या मशीनवर त्यांचा भरवसा नाही. म्हणून त्या मशीनचं मी कॅलिब्रेशन केलं नाही. ऑफसेट घालून ४६ चे ३७ करता आले असते, दिसायला छान. पण अडकलेला सेन्सर पुढे सुटला की तोच ऑफसेट वरच्या टोकाला नऊ अंश खोटं बोलला असता. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा १०० ठेवली आणि पडद्यावर तापमानाऐवजी मर्यादेपासूनचं अंतर दाखवायला लावलं. लोडवर ते २५ च्या खाली आलं तर फोन करा, एवढंच मालकांना सांगितलं. धूळ झाडून, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी पेस्ट बदलल्यावर ते तिशीच्या वर राहिलं.

काय बदललं

मिक्सिंगच्या मशीनचा ऑफसेट शून्य, आणि डी ड्राइव्हवरची ती सेटिंगची फाईल पोराच्या डोळ्यांसमोर डिलीट केली. त्याला थोडं जीवावर आलं. कप्प्याची मागची फळी सुताराकडून कापून घेतली, हीटसिंकच्या पात्यांतून गालिच्यासारखी बसलेली धूळ ब्लोअरने काढली. दुपारी, कूलर चालू, दार लावलेलं, तेच रेंडर: हवा ३८, टी-डाय ७१, क्लॉक जागेवर. पंख्याचा आवाज आता येतो. मालकांची त्यावर कुरकुर आहे. व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करायचा असेल तेव्हा रेंडर लावू नका, याच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही.

पंख्याचं नियंत्रण विंडोजमधल्या सॉफ्टवेअरकडून काढून बायोसकडे दिलं, म्हणजे उद्या कुणी ऑफसेटच्या चौकटीत काहीही टाकलं तरी पंख्याला त्याचा पत्ता लागणार नाही. फक्त आलेख मांडण्याआधी बायोस कोणता आकडा धरतो ते ठरवावं लागलं. बायोसमध्ये ६४ वाचून लगेच रीस्टार्ट मारून विंडोजमध्ये पाहिलं तर ४३. झोपेच्या अवस्थांचे दोन-चार अंश सोडले तरी मोठी दरी उरतेच, म्हणजे हा बोर्ड टी-कंट्रोलवर चालतो. म्हणून बायोसच्या आलेखात पंखा वेग घ्यायला लागेल तो ७० ला आणि पूर्ण होईल तो ९० ला, म्हणजे टी-डायच्या भाषेत ५० आणि ७०. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर तेवढं लिहून ठेवलं आहे: प्रोसेसरचं नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ऑफसेट शून्य, बायोसमधले आकडे २० ने चढे.